भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर: पहिल्या नऊ ऑर्डरी तिच्या, पुढच्या माझ्या

आठवड्याचं भाडं 1,540 रुपये, म्हणजे दिवसाला 220. आकडा आधीच सांगून टाकते, कारण डेपोत गेलात की तिथला मुलगा बाकी सगळं सांगतो. लायसन लागत नाही, पेट्रोल लागत नाही, बॅटरी दिवसातून कितीही वेळा बदला. सगळं खरंय. फक्त ते 220 रोजचे असतात, गाडी चालवा नाहीतर जिन्याखाली उभी ठेवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, माझं डिपॉझिट अजून त्यांच्याकडे आहे.

मी मूळची औशाची. पुण्यात कोथरूडला कॉट बेसिसवर राहते, तीन वर्षांच्या एलएलबीचं हे दुसरं वर्ष. कॉलेज सकाळी साडेसातला सुरू होतं, साडेअकराला सुटतं. पहिल्या वर्षी एका झेरॉक्सच्या दुकानात होते. पगार सात हजार, पण वेळ दहा ते सात. कॉलेजचे शेवटचे दोन तास रोज बुडायचे. हजेरी इतकी कमी पडली की परीक्षेला बसू द्या म्हणून प्राचार्यांना अर्ज लिहावा लागला. तेव्हा ठरवलं, पगार कमी चालेल पण सकाळ आपली पाहिजे. संध्याकाळी पाच ते साडेनऊ घरपोच किराणा पोचवायचं काम त्यातून निघालं, आणि त्या कामासाठी ही गाडी. ऑगस्टपासून वापरतेय, मध्ये परीक्षेपुरती सोडली होती.

वेगाचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. ताशी 25. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग 25 किलोमीटरच्या आत असला की कायद्याच्या भाषेत ते मोटार वाहनच नव्हे. म्हणून नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. हे पोलिसांनाही माहीत असतं, तरी नळ स्टॉपला दोनदा अडवलं. "पाटी कुठंय?" पहिल्या वेळी मी नियम सांगायला लागले, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून मला सोडवलं. हेल्मेट मात्र मी घालतेच. पौड रोडवर बसवाले 25 वाल्यांना माणसात धरत नाहीत.

सुरुवातीचे दोन आठवडे मी हॉटेलच्या ऑर्डरी घेतल्या आणि तिथे ही गाडी साफ आपटली. डेक्कनवरून बिर्याणी घेऊन बावधनला जायचं, चांदणी चौकाच्या चढावर गाडी धापा टाकणार, तोवर गिऱ्हाईक तीनदा फोन करणार. पोचेपर्यंत बिर्याणी गार आणि मी गरम. मग किराण्याच्या ॲपवर गेले. तिथे गोदामापासून दोन-अडीच किलोमीटरच्या आतच फिरायचं असतं. गल्लीबोळ, सिग्नल, स्पीडब्रेकर. एवढ्यात कोणाचीच गाडी 25 च्या वर जात नाही. मयूर कॉलनी, डहाणूकर, गुजरात कॉलनी या भागात मी पेट्रोलवाल्या पोरांच्या बरोबरीने फेऱ्या मारते. एकटी महात्मा सोसायटी अपवाद. दहा किलो आट्याची गोणी पायाशी ठेवून तो चढ चढताना गाडी इतकी मंदावते की शेजारून चालणारे आजोबा पुढे जातात. एकदा एका आजोबांनी मागे वळून "ढकलू का?" विचारलंही.

बॅटरी. कंपनी म्हणते एका चार्जवर साठ किलोमीटर. ओझं घेऊन मला चाळीस-पंचेचाळीस मिळतात, आणि शेवटचे वीस टक्के उरले की वेग आपोआप उतरतो. बदलायची सोय मात्र उत्तम आहे, इथे हात आखडता घेणार नाही. मशिनसमोर फोन धरायचा, एक खण उघडतो, रिकामी बॅटरी आत, भरलेली बाहेर. दोन मिनिटांचं काम. माझ्या खोलीत चार्जिंगचा प्रश्नच येत नाही. गिझरची अर्धा तास वेळ ठरवून देणाऱ्या मालकीणबाई स्कूटरची बॅटरी बघून काय म्हणतील याची कल्पनाही करवत नाही. अडचण एवढीच की संध्याकाळी सातला सगळे एकदम येतात. पंधरा-वीस मिनिटं रांग. ती वीस मिनिटं मी बेअर ॲक्टला, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मूळ मजकुराला, दिली आहेत. पिशवीत छोटं पुस्तक असतं, रोज एखाद-दोन कलमं. पुराव्याच्या कायद्याचा बराचसा भाग मी मेट्रोच्या पुलाखाली उभं राहून वाचलाय.

आता हिशोब. एका ऑर्डरीला सरासरी 25 रुपये पडतात. कामाच्या दिवशी चौदा ऑर्डरी होतात, पाच दिवसांचे 1,750. रविवारी दिवसभर करते, तीस ऑर्डरी, 750. ठरलेला आकडा गाठला की आठवड्याचा इन्सेंटिव्ह 500. एकूण 3,000. भाडं वजा जाता हातात 1,460. महिन्याचे 6,300 च्या आसपास. कॉटचे 3,500 आणि मेसचे 2,800 मिळून बरोब्बर तेवढेच होतात. फी घरून येते. टिप मिळाली तर चहा, नाहीतर खोलीवर पाणी.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर रोजच्या पहिल्या नऊ ऑर्डरी गाडीच्या असतात. दहावीपासून पुढच्या माझ्या. हे एकदा डोक्यात बसलं की नवव्या ऑर्डरीला घड्याळ बघायची सवय लागते. आठच्या आत नऊ झाल्या तर दिवस बरा. शनिवारी मी काम करत नाही, आठवड्याची टिपणं काढते. त्या शनिवारचेही 220 जातात. म्हणजे अभ्यासाचा दिवस मी भाड्याने घेतलाय असं समजायचं.

तुमच्या घरची जुनी ॲक्टिव्हा असेल तर ही गाडी अजिबात घेऊ नका. माझी रूममेट त्याच गोदामात आहे. तिला दिवसाला लिटरभर पेट्रोल लागतं, सहा दिवसांचे साडेसहाशेच्या आतबाहेर. टायर, सर्व्हिसिंग धरलं तरी ती माझ्या बरीच पुढे. पण नवीन गाडी हप्त्यावर घ्यायची तर डाउन पेमेंट पाहिजे, पगाराची स्लिप पाहिजे नाहीतर जामीन पाहिजे. जामीन म्हणून अण्णांना, म्हणजे वडिलांना, बोलावलं तर मी "कुरिअरच्या ऑफिसात बसून काम करते" असं त्यांना सांगितलंय, ते बिंग फुटेल. आईला माहीत आहे.

मुलींसाठी दोन शब्द. गाडी हलकी आहे, पंजाबी ड्रेसवर चालवता येते, भरलेली असतानाही मेन स्टँडवर लावायला कोणाला बोलवावं लागत नाही. गाडीत न सुटणारा प्रश्न बाथरूमचा. गोदामात एक आहे आणि तिथे आम्हाला जाऊ देतात, हेही किराण्याकडे वळायचं एक कारण होतं. हॉटेलच्या ऑर्डरी घ्यायचे तेव्हा दुपारनंतर पाणीच प्यायचे नाही.

खरी कुरबुर इथून पुढे. नोव्हेंबरच्या शेवटी सत्र परीक्षा लागली. अठरा दिवस मी गाडीला हात लावणार नव्हते. डेपोत विचारलं, तेवढे दिवस भाडं थांबवता येईल का? "नाही ताई, एक तर चालू, नाहीतर परत." अठरा दिवसांचे 3,960. परत करून पुन्हा घ्यायची तर नोंदणीचे 300 नव्याने, डिपॉझिट 2,000 नव्याने. अर्थात परत केली. तर डाव्या आरशाला तडा म्हणून डिपॉझिटमधून 350 कापले. तो तडा मी गाडी घेतली तेव्हापासून होता. आणि समजा माझ्याकडूनच गेला असता, तरी तसा आरसा बाजारात शंभर-सव्वाशेला मिळतो. करार कायद्याचं कलम 74 मला पाठ आहे: दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी भरपाई वाजवी तेवढीच, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. मी डेपोतल्या मुलाला ते नीट, उदाहरणासकट सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, हे ॲपमध्ये टाका." टाकलं. "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं उत्तर त्याच मिनिटाला आलं, त्यानंतर काही नाही. उरलेले 1,650 अकरा दिवसांनी जमा झाले, ऐन मेसचे पैसे भरायच्या वेळी नव्हते.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात, 21 नोव्हेंबर 2025 ला, नवीन कामगार संहिता लागू झाल्या. गेल्या वर्षी आम्ही घोकलेले कायदे त्या चार संहितांमध्ये जाऊन बसले. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गिग कामगार (नेहमीच्या नोकरीबाहेर काम करून कमावणारे) आणि प्लॅटफॉर्म कामगार (ॲपवरून काम घेणारे) यांच्या व्याख्या आहेत, ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के सुरक्षा निधीत द्यायचे अशी तरतूद आहे. वर्गात सरांनी विचारलं, असं काम करणारं कोणी ओळखीचं आहे का? मागच्या बाकावरून तिघांचे हात वर आले, चौथा माझा. ॲप आम्हाला "पार्टनर" म्हणतं. भाड्याचा करार मला "वापरकर्ता" म्हणतो. त्या करारात गाडी चोरीला गेली तर काय, हे चौदाव्या कलमात आहे आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही. दहा मिनिटं घालून वाचा. मी सही करण्याआधी वाचायला बसले तर रांगेतला मागचा मुलगा म्हणाला, "अहो मॅडम, सगळे नुसतं टिक करतात."

परीक्षा झाल्यावर पुन्हा घेतली. दुसरी गाडी मिळाली, आधीपेक्षा जुनी. साइड स्टँड ढिलं, घंटा नाही, पण ब्रेक कडक आहेत.

पाचपैकी तीन देते. आठवड्यातून सहा दिवस काम करणार असाल आणि गोदाम जवळ असेल तर घ्या. दोन-तीन दिवसच करणार असाल तर ही गाडी तुम्हाला नाही, तुम्हीच तिला पोसाल. घेताना डेपोतच व्हिडिओ काढा: दोन्ही आरसे, स्टँड, टायर, सीटखालचं कुलूप, शेवटी मीटरवरचे किलोमीटर. आणि तिथल्या मुलाला चौकटीत घ्या, तारीख त्याच्या तोंडून वदवून.