फुटक्या विटांचा फ्लोराईड फिल्टर : ८ महिने वापरल्यावर

आमचं गाव किनवट तालुक्यात. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं, वास नाही काही नाही, म्हणून इतकी वर्षं कोणाला शंकाच आली नाही. मोठ्या मुलाचे दुधाचे दात पडून पक्के आले ते तपकिरी पट्टे घेऊनच आले, तेव्हा पाणी तपासायला दिलं तर फ्लोराईड लिटरला ३.२ मिलिग्राम. आपलं मानक म्हणतं १ च्या आत पाहिजे, दुसरी सोयच नसेल तर फार फार १.५. ते पट्टे आता जाणार नाहीत. पण धाकटी ४ वर्षांची आहे, तिचे पक्के दात आत हिरडीत आत्ता तयार होतायत, म्हणून ही सगळी धडपड.

आधी काय काय केलं ते सांगतो. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं, आमच्या घरी कित्येक वर्षं हेच चालू होतं. दुकानदाराने दिलेल्या कॅन्डलच्या फिल्टरनेही काही फरक पडला नाही. शेवग्याच्या बियांची पूड टाकून पाहिली, गढूळ पाणी त्याने छान निवळतं पण आमच्या नितळ पाण्यातलं फ्लोराईड जवळपास तेवढंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याला वास आला. तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच काढलेली, ती चालते, पण तुरटी चांगलीच लागते, रोज मोजायचं, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, बायको शेतावर जाणार की हे करणार. हाडांचा कोळसा फ्लोराईड चांगला धरतो, पण आई त्या पाण्याला हात लावणार नाही हे मला माहीत होतं.

मग श्रीलंकेतल्या खेड्यांत वापरतात तो विटांच्या तुकड्यांचा फिल्टर वाचनात आला. मातीत ॲल्युमिनियम आणि लोह असतं, ते फ्लोराईडला धरून ठेवतं. भट्टीवरच्या फुटक्या विटा फुकट मिळाल्या, त्या सुपारीएवढ्या फोडल्या, धुतल्या (लाल पाणी जाईपर्यंत धुवाच, मला ९-१० वेळा लागलं), ५० लिटरच्या ड्रममध्ये साधारण ३५ किलो भरल्या, वर थोडा करवंट्यांचा कोळसा आणि गोटे. पाणी पाईपने तळाशी सोडायचं आणि वरच्या तोटीतून घ्यायचं, म्हणजे ते सगळ्या तुकड्यांमधून हळूहळू वर येतं. ड्रम, पाईप, तोटी मिळून ६००-६५० रुपये गेले. रोज रात्री भरतो, सकाळी १२ लिटर काढतो, फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. डाळभातातून पण फ्लोराईड पोटात जातं हे लोक विसरतात. चहाच्या पत्तीत मुळातच फ्लोराईड असतं म्हणून लेकरांचा चहा बंदच केला.

फ्लोराईड तपासायचं किट घेऊन ठेवलंय, त्यातलं लाल औषध फ्लोराईड जास्त असलं की पिवळं पडत जातं, रंग तक्त्याशी जुळवायचा. पहिले दोन महिने ०.८ च्या आसपास. दहाव्या आठवड्यात १.२. बाराव्यात १.६ आलं आणि विटा बदलल्या.

इथे मोठी चूक झाली. दुसऱ्यांदा दुसऱ्या भट्टीवरून विटा आणल्या, चांगल्या टणक, वाजवल्या तर खणखण वाजणाऱ्या, म्हटलं जास्त टिकतील. पहिल्याच आठवड्यात किट २ च्या वर! जास्त भाजून काळपट झालेली वीट फ्लोराईड धरत नाही, कमी भाजलेली, जरा कच्चट, नखाने खरवडली तर भुकटी निघणारी तीच लागते. राखेच्या सिमेंट विटा तर अजिबात घेऊ नका. सगळं उपसून परत भरलं, हात सोलून निघाले. किट नसतं तर तेच पाणी पोरीला तीन महिने पाजलं असतं, विचार करूनच पोटात गोळा येतो.

फेब्रुवारीत घरी लग्न होतं, एका दिवसात ४० लिटर काढलं तर शेवटच्या पाण्यात १.९. पाणी रात्रभर विटांत राहिलंच पाहिजे, घाई चालत नाही. आणि ह्याने जंतू मरत नाहीत, गाळून झाल्यावर एक उकळी आणून घ्या, आटवू नका. उन्हाळ्यात ड्रमच्या कडेला शेवाळं धरलं होतं, आता पोतं गुंडाळून सावलीत ठेवलाय. वापरलेल्या विटा विहिरीजवळ किंवा परसबागेत टाकू नका, आम्ही गोठ्याच्या पायात भरल्या.

आरओने फ्लोराईड जातं हे खरं, पण आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघायची आणि आरओचं निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं, हे मला जमणार नाही. लाईटचाही भरवसा नाही.

फ्लोराईड दातांसारखं हाडांनाही धरतं. काकूंची पाठ वाकलीय, मान वळवता येत नाही, आम्ही वय झालं म्हणत राहिलो. शेजारच्या तीन घरांना ड्रम लावून दिलेत. त्यातल्या एकाचं पाणी सोड्यासारखं खारट आहे, तिथे विटा सहा आठवड्यांतच संपल्या, कारण असल्या पाण्यात विटेची पकड कमी पडते. तुमच्याकडे असं पाणी असेल आणि विटा लावल्या असतील तर किती आठवडे टिकल्या ते रीडिंगसकट सांगा, त्यांना पुढचा ड्रम मोठा घ्यायचा की काय ते ठरवायचंय.