हलकी अ‍ॅल्युमिनियम क्लच बास्केट: नऊ महिने, 14,000 किलोमीटर

रोजचा रस्ता नागपुरात सदर ते बुटीबोरी एमआयडीसी आणि परत, मोटरसायकल दोनशे सीसीची. बास्केट म्हणजे क्लचच्या प्लेट जिच्यात बसतात ती वाटी; तिच्या कडेच्या उभ्या पट्ट्या म्हणजे बोटं. जुन्या ओतीव बास्केटच्या बोटांना खाचा पडल्या होत्या, म्हणून 7075 या मजबूत अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या ठोकळ्यातून कोरलेली, हार्ड अ‍ॅनोडाइज केलेली (वर कठीण थर चढवलेली) बास्केट घेतली. सोबत हलकी प्रेशर प्लेट, म्हणजे सगळ्या प्लेट दाबून धरणारी.

वजनाचं आधी सांगतो, कारण दुकानात त्यावरच माल विकतात. अ‍ॅल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅम आणि स्टीलची 7.8, हे खरंच आहे. पण माझी जुनी बास्केटही अ‍ॅल्युमिनियमचीच होती आणि तिच्या पाठीवरचं मोठं गिअर स्टीलचं. रिव्हेट ड्रिलने उडवून तेच गिअर नव्या बास्केटवर चढवावं लागतं. म्हणजे जड भाग जिथल्या तिथेच. पिकअपमध्ये मला फरक जाणवला नाही. गिअरमागचे, धक्का झेलणारे कुशन रबर त्याच वेळी बदलायला हवे होते. मी जुनेच ठेवले आणि ते महागात पडलं.

पहिले चार-पाच महिने क्लच लोण्यासारखा होता. एप्रिलमध्ये व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे रेटू लागली, न्यूट्रल सापडेना. मिस्त्रींनी कव्हर उघडलं आणि म्हणाले, "दादा, बोटावरून नख फिरवून पाहा, अडकून राह्यलं." खरंच अडकत होतं. काळ्या अ‍ॅनोडाइजमध्ये प्लेटच्या कानांच्या (कडेला बाहेर आलेल्या, बोटांमध्ये बसणाऱ्या टोकांच्या) जागी बरोबर चांदीसारखे पट्टे उघडे पडले होते. काढलेलं ऑइल तळहातावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात बारीक चमक.

कारण सरळ आहे. इंजिनच्या प्रत्येक ठोक्याला आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला-पिळला की प्लेटचे कान बास्केटच्या बोटांवर आदळतात. माझ्या फ्रिक्शन प्लेट (घर्षणाचा थर असलेल्या, कानांच्या त्याच प्लेट) स्टीलच्या पाठीच्या होत्या आणि कडक झालेले रबर धक्का गिळत नव्हते. अ‍ॅनोडाइजचा थर कठीण असतो, पण केसाहून पातळ. तो एकदा तुटला की खालचा मऊ धातू भराभर खचतो. मग प्लेट बाजूला सरकताना त्या खाचेत अडकतात आणि क्लच नीट सुटत नाही.

खाचा फाइलने घासून देणारे पुष्कळ आहेत. हलक्या असतील तर ठीक. जास्त घासलं की फट वाढते आणि मार आणखी जोरात बसतो. मी वरवर घासून घेतलं, रबर नवे टाकले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीच्या प्लेट लावल्या. आता झीज प्लेटच्या कानांवर जाते. प्लेट तशाही बदलायच्याच असतात, बास्केटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. त्यानंतरच्या 5,000 किलोमीटरमध्ये खाचा वाढलेल्या नाहीत.

प्रेशर प्लेटबद्दल तक्रार नाही.

उन्हाळ्याचं मात्र सांभाळा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. मे महिन्यात सकाळी ताणून लावलेली केबल दुपारी अजनीच्या गर्दीत क्लच घसरवायची. आता लिव्हरला थोडा फ्री प्ले (केबल ताणली जाण्याआधीची ढील) जास्तच ठेवतो. ऑइल जासो एमए2 (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलसाठीचा दर्जा) लिहिलेलंच घालतो, कारचं कधीच नाही. दिवाळीआधी ऑइल बदलताना कव्हर पुन्हा उघडणार आहे, नख फिरवून बघायला.