बर्नर पेटतो आणि बंद पडतो: चांगल्या पंपाचे पैसे मी कसे मोजले

आमच्या बॉयलरचा ऑइल बर्नर पेटत असे, काही सेकंद व्यवस्थित जळत असे आणि मग बंद होऊन त्याचा लाल दिवा लागत असे. या एकाच लक्षणावर एका तंत्रज्ञाने मला दोनदा फसवले. ते कसे घडले हे इतरांना कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या भेटीत त्याने कोणतेही माप न घेता कंट्रोलर, म्हणजे बर्नर चालू-बंद करणारे नियंत्रक यंत्र, गेल्याचे सांगितले आणि सोबत आणलेला कंट्रोलर नवा म्हणून बसवला. जुना कंपनीत जमा करावा लागतो असे सांगून तो घेऊनही गेला. बर्नर काही दिवस चालला. पुन्हा तीच तक्रार सुरू झाल्यावर त्याने बर्नरला तेल पुरवणाऱ्या पंपाला दोष दिला आणि पंपही बदलला. मात्र या वेळी जुना पंप मी हट्टाने ठेवून घेतला. जाताना त्याने बर्नर बंद पडला की रीसेटचे बटण दाबत राहण्याचा सल्ला दिला. हा सल्ला मला पैशांच्या नुकसानीहून गंभीर वाटतो, कारण न पेटलेले तेल ज्वलनकक्षात साचले, तर पुढच्या वेळी ते एकदम भडकू शकते.

तिसऱ्यांदा बर्नर थांबला तेव्हा मी दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने पहिला प्रश्न विचारला, तो असा: बर्नर थांबतो त्या क्षणापर्यंत ज्योत स्थिर असते, की ती आधीच फडफडून विझते? ज्योत आधी विझत असेल, तर तेलाचा फिल्टर, नोझल (तेलाचा फवारा सोडणारी तोटी), तेलातील पाणी किंवा नळीत शिरणारी हवा तपासायची. शेवटपर्यंत नीट जळत असेल, तर ती कंट्रोलरला 'दिसत' नाही असे समजायचे. आमची ज्योत शेवटपर्यंत स्थिर असे.

ज्योत पाहण्याचे काम फोटोसेल करतो. उजेड पडला की त्याचा विद्युतरोध घटतो, आणि ठरलेल्या सेकंदांत तो पुरेसा घटला नाही तर कंट्रोलर तेल बंद करतो. कॅडमियम सल्फाइडचा सेल असलेल्या अनेक बर्नरमध्ये ज्योत जळत असताना हा रोध १६०० ओहमच्या आत असावा लागतो. आमच्या सेलवर काजळीचा थर होता आणि मल्टीमीटर कित्येक हजार ओहम दाखवत होता. मऊ कापडाने सेल पुसल्यावर तोच आकडा काहीशे ओहमवर आला. मग त्याने काजळीचे मूळ शोधले, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर धूळ चिकटून हवा कमी पडत असल्याचे आढळले. पाती स्वच्छ करून त्याने हवेचे प्रमाणही नव्याने जुळवले.

माझ्या आग्रहाखातर त्याने जुना पंप बसवून दाब मोजणारा गेज लावला, तर दाब ७ बारवर स्थिर राहिला, म्हणजे पंप चांगलाच होता. 'नव्या' कंट्रोलरच्या स्क्रूंवर पूर्वी उघडल्याचे ओरखडे होते. पहिल्या तंत्रज्ञाच्या प्रत्येक भेटीनंतर बर्नर काही दिवस चालायचा. त्यामुळे तो दर वेळी सेल गुपचूप पुसून जात असावा, म्हणजे खरा दोष त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असावा, असे मला आता वाटते.

जुना पंप आजही बर्नरवर आहे. दुसरा पंप त्याने परत घ्यावा म्हणून मी पहिल्या तंत्रज्ञाला गाठले, तेव्हा पावती दाखवा असे तो म्हणाला, आणि पावती त्याने मला कधी दिलीच नव्हती.