रबाळ्यात दोन रविवार आणि एक लाकडी गोळा: लेथच्या क्लासचा अनुभव

सासूबाईंच्या झोपाळ्याच्या खांबावर जे लाकडी गोळे असतात ना, त्यातला एक गेल्या वर्षी शिफ्टिंगमधे पडून चिरला, तिथून हे सगळं सुरू झालं. ठाण्यात दोन सुतारांना विचारलं. एक म्हणाला मॅडम आता असले गोळे कोण कातत बसतंय, रेडीमेड नॉब लावा, आणि दुसऱ्याने जो भाव सांगितला तो ऐकून मी तिथेच म्हटलं की ह्यापेक्षा मी शिकून येते. चिडून म्हटलं होतं, पण शोधल्यावर नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत एक वर्कशॉप खरंच सापडला, लेथचा, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायच्या मशीनचा, दोन रविवारांचा क्लास, फी ४५०० रुपये, लाकूड त्यांचंच.

वर्कशॉपचं नाव लिहीत नाहीये कारण बऱ्याच तक्रारी आहेत आणि शिकवणारे काका खरोखर चांगले आहेत. तक्रारी आधी उरकते. बुकिंग करताना चारच जणांची बॅच म्हणाले होते, प्रत्यक्षात सात माणसं आणि तीन लेथ, म्हणजे अर्धा वेळ दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहून बघायचं. तोंडावरची फेसशील्ड सगळ्यांत मिळून दोन, त्यातली एक इतकी चरे पडलेली की धुक्यातून बघतोय असं वाटावं. पत्र्याची शेड, एक पंखा, लाकडाची बारीक धूळ सगळी नाकात, मी दुसऱ्या वेळी घरूनच चांगला मास्क नेला. आणि रविवार म्हटला की ट्रान्सहार्बर लोकलला कधी ब्लॉक असेल सांगता येत नाही, पण त्याचं बिल काही त्यांच्यावर फाडत नाही.

आता काका. वडिलोपार्जित कातारी, त्यांचे वडील पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे असलं सगळं कातायचे. पहिल्याच मिनिटाला त्यांनी सगळ्यांचे हातमोजे काढायला लावले, ओढणी, घड्याळ, बांगड्या सगळं पिशवीत, कारण फिरत्या लाकडात कापड अडकलं की ते हात सोडत नाही, हाताला घेऊनच जातं. एक पोरगा फुल शर्टच्या बाह्या खाली सोडून आला होता त्याला दुमडून येईपर्यंत मशीनला हात लावू दिला नाही. हे मला आवडलं.

मला वाटलेलं गोळा म्हणजे काय, लाडवासारखा हळूहळू गोल करत जायचं. लाडू वळताना तळहाताला गोल कळतो, इथे हात लावायची सोय नाही. काकांनी आधी पेन्सिल दिली. ७५ मिमीचा गोळा हवा तर ७५ व्यासाचा लांब दंडगोल करा, त्यावर ७५ लांबी आखा, बरोबर मधोमध एक रेघ. मग दोन्ही टोकांकडून २२-२२ वर खुणा, मधे उरतात ३१. टोकांना पार्टिंग टूलने, म्हणजे अरुंद खाच पाडायच्या हत्याराने, ३१ व्यासापर्यंत खाली जायचं आणि २२ च्या खुणेपासून तिथपर्यंत सरळ तिरका उतार कापायचा. बाजूने बघितलं की अष्टकोन. २२ कुठून आले विचारलं तर म्हणाले कुठलाही व्यास घ्या, ०.२९ ने गुणा. नंतर अष्टकोनाचे कोपरे मारत जायचं, पण मधली रेघ पुसायची नाही म्हणजे नाही, ती रेघ गेली की गोळा लहान झाला समजायचं.

खरी गंमत इथून पुढे. टोकं करवतीने कापून टाकली की तो ओबडधोबड गोळा ९० अंशात फिरवून दोन लाकडी वाट्यांच्या मधे दाबून पकडतात, वाट्यांना आतून चामडं, एक वाटी मशीनकडे, दुसरी टेलस्टॉकला, म्हणजे समोरच्या आधाराच्या टोकाला. आता ती पेन्सिलची रेघ आडवी, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत जाते. मशीन चालू केलं की मधे घट्ट लाकूड दिसतं आणि त्याच्याभोवती एक पारदर्शक धुरकट कडा. काका त्याला भूत म्हणतात. जिथे जिथे लाकूड जास्तीचं आहे तिथे तिथे भूत. मागे काळा कागद लावला की अजून स्पष्ट दिसतं. काम एवढंच, भूत कापायचं, घट्ट भागाला टूल लागायच्या आत थांबायचं. मशीन बंद केलं की रेघ जेमतेम दिसली पाहिजे. मग नवी रेघ मारा, परत फिरवा. माझ्याकडून पहिल्या वेळी टूल घुसलं, धाड्‌कन आवाज झाला आणि गोळा वाटीतून उडून शेडच्या पत्र्यावर. सगळे हसले, काकांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग टूल रेस्टकडे, म्हणजे टूल टेकवायच्या पट्टीकडे, म्हणाले रेस्ट लांब ठेवला होतास.

अजून एक चूक सगळ्यांचीच होते. पहिल्या वेळी, लाकडाच्या रेषा (पेन्सिलची रेघ नव्हे, लाकडाचे धागे) लांबीत असताना, जाड भागाकडून बारीक भागाकडे कापायचं, डोंगर उतरल्यासारखं. गोळा फिरवला की रेषा आडव्या होतात आणि दिशा उलटी, बारीककडून जाडकडे. हे विसरलं की लाकूड सोलून निघतं, नुसता पॉलिश पेपर घासून ते खड्डे जात नाहीत.

गोल झाला का हे तपासायला कॅलिपर नाहीच काढला त्यांनी. प्लंबरच्या पाइपचा दोन इंची तुकडा, तोंड सरळ कापलेलं, तो गोळ्यावर कुठेही टेकवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. कुठूनही फट दिसली नाही तर गोळा. शाळेत भूमितीच्या बाईंनी गोळा कुठूनही सरळ कापला की वर्तुळच मिळतं हे फळ्यावर सांगितलं होतं, एवढ्या वर्षांनी पाइप हातात घेऊन पटलं.

पहिल्या रविवारचा सरावाचा गोळा आंब्याच्या लाकडाचा होता आणि ओलसर होता, हे कोणी आधी बोललं नाही. घरी फ्रिजवर ठेवला, तीन आठवड्यांनी मुलगा म्हणतो आई हा अंडं झालाय. व्हर्निअर लावला तर एकीकडे ७३.९, दुसरीकडे ७१.८. लाकूड वाळताना रेषांच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं, त्यातही खोडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, लोक घरी शोकेसमधे ठेवायला नेतात.

दुसऱ्या रविवारी मी स्वतःच लाकूड नेलं, नौपाड्यातल्या पाडलेल्या जुन्या घराचा सागवानी खांब, नात्यातल्या एकांकडे पडून होता. काकांनी आधी त्यावरून लोहचुंबक फिरवलं, दोन मोडके खिळे निघाले, ते तसेच राहिले असते तर टूलची धार आणि माझा रविवार दोन्ही गेले असते. पण मग ते लाकूड कातताना जो वास आला ना, आणि लांबच लांब छिलके. शेवटी काकांनी फिरत्या गोळ्यावर लाखेची कांडी दाबून धरली, उष्णतेने ती वितळून पसरली, आणि वरून केवड्याचं वाळलेलं पान घासलं. सावंतवाडीची लाकडी फळं आजीकडे होती टोपलीत, तीच चकाकी. आता कळलं ते कातीव काम म्हणजे काय.

खालचं खुंटीचं भोक त्यांनीच ड्रिल करून दिलं, जास्तीचे पैसे नाहीत. गोळा झोपाळ्यावर बसलाय. सासूबाईंनी जुन्याशी ताडून बघितला आणि म्हणाल्या हा जरा मोठाय का गं? आहे, अर्ध्या मिलिमीटरने, पण जुलै चालू आहे, पावसाळी हवेत लाकूड फुगतं असं सांगून मी वेळ मारून नेली.

जाणार असाल तर सकाळची बॅच घ्या, दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. बुक करताना किती माणसं आणि किती लेथ हे फोनवर नाही, मेसेजवर लिहून मागा. बंद बूट, अर्ध्या बाह्या, स्वतःचा मास्क, आणि शक्य असेल तर स्वतःची फेसशील्ड. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते पण रविवारी भरायला वेळ लागतो. चहा चांगला असतो.