कॅन, पाण्याची पिशवी की फिक्स टाकी? गाडीत मुक्काम करायचा तर जास्तीचं पाणी कशात न्यायचं

गाडीत गादी झाली, गॅस झाला, बॅटरी आणि सोलर पण बसवून झालं, की मग प्रश्न येतो पाण्याचा. सातपुड्यात तोरणमाळला जायचंय, पालला जायचंय नाहीतर ओळखीच्या कुणाच्या मळ्यात दोन रात्री गाडी लावून भरीत पार्टी करायची आहे, नळ जवळ नाही, मग पाणी न्यायचं कशात? वीस लिटरचे कॅन, घडी होणारी पिशवी म्हणजे ब्लॅडर, गाडीला कायमची बसवलेली टाकी, टपावर बसवलेला, दोन्ही टोकं बंद केलेला पीव्हीसी पाईप, निळा ड्रम, एवढे पर्याय सगळे विचारतात. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ईको, बोलेरो, अर्टिगा अशी गाडी, चार माणसं आणि दोन रात्री असतील तर कॅनच घ्या. ट्रॅव्हलरएवढी मोठी गाडी असेल आणि महिन्यातून एकदा तरी निघत असाल तर लहान फिक्स टाकी आणि सोबत कॅन. ब्लॅडर फक्त त्यांच्यासाठी ज्यांना वर्षातून एखाद्या वेळी जास्त पाणी लागतं आणि बाकी वेळ गाडीत जागा मोकळी हवी असते.

पाणी लागतं किती ते आधी बघू. थंडीत माणशी दिवसाला दहा-बारा लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय सगळं भागतं, आंघोळ सोडून. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा नुसतं प्यायलाच माणशी चार-पाच लिटर धरायचं आणि एकूण वीस. म्हणजे चार माणसं, दोन दिवस, उन्हाळा, हिशोब गेला १६० लिटरवर. थंडीत तेच ८०-१०० मध्ये होतं. वरण-बट्टी करणार असाल तर भांड्यांचं पाणी जास्तीचं धरा, तूप आणि डाळ लागलेली पातेली थोड्या पाण्यात निघत नाहीत, चुलीची राख लावून कोरडी घासून घेतली आणि मग धुतली तरच पाणी वाचतं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण विचारतात की कशात किती मावतं, पण आपल्याकडे निवड ठरते ती संपल्यावर परत भरायचं कसं यावर. कॅम्पिंगसाठीची जागा, तिथे नळ, नळाला पाईप लावून गाडीची टाकी भरायची, अशी सोय खान्देशात कुठे मिळणार? आपल्याला पाणी मिळतं ते विहिरीवरच्या मोटरीचं, गावातल्या हापशाचं, नाहीतर नाणं टाकून भरायच्या आरओच्या मशीनचं. या तिन्ही ठिकाणी गाडी अगदी टेकवून लावता येईल असं नसतं. विहीर बांधापासून आत असते, मधे केळीचा बाग असतो, आणि शेतीची थ्री फेज लाईट ठराविक तासच येते त्यामुळे मोटर चालू असेल तेव्हा पटकन जे भरता येईल ते भरून घ्यावं लागतं. हापशावर तर बायका रांगेत उभ्या असतात, तिथे तुम्ही दीडशे लिटरच्या टाकीचा पाईप घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. एखादा कॅन मात्र कुणीही भरू देतं, उलट "ताई, थांबा, मी भरून देतो" म्हणतात.

म्हणून कॅन. चौकोनी, जाड एचडीपीई प्लास्टिकचा, फूड ग्रेड लिहिलेला कॅन घ्या, खाली त्रिकोणात २ आकडा असतो तो बघा, पण २ आकडा फक्त प्लास्टिक कोणतं ते सांगतो, फूड ग्रेड असल्याचं वेगळं लिहिलेलं पाहिजे. वीस लिटर म्हणजे पाण्याचंच वीस किलो आणि वर कॅनचं किलोभर, मला तो कंबरेपर्यंत उचलता येतो पण त्याच्या वर नाही, घरात वयस्कर माणसं असतील तर सरळ दहा लिटरचे घ्या, संख्या वाढली तरी चालेल. कॅनचा मोठा फायदा म्हणजे एक फुटला, एकातलं पाणी खराब निघालं तरी बाकीचे राहतात. टाकीत एकदा गढूळ पाणी गेलं की सगळंच गेलं. शिवाय वजन वाटून ठेवता येतं, दोन सीटच्या मागे, दोन पायाशी, एक स्वयंपाकाच्या ओट्याखाली. पिण्याचे कॅन वेगळे आणि वापरायचे वेगळे, झाकणाला रंगीत सुतळी बांधून ठेवा म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडात पण कळतं. तोटे पण आहेत, नाही असं नाही. जागा खातात, रिकामे झाले तरी तेवढीच जागा खातात, आणि नीट बांधले नाहीत तर ब्रेक मारला की पुढे येतात.

घरी येणारा वीस लिटरचा गोल जार कॅनच्या जागी चालतो का? पाणी काढायला तो सोपा, कारण चार्जिंगचा छोटा बटन पंप त्याच्या तोंडावर बरोबर बसतो. पण गोल असल्यामुळे गाडीत लोळतो आणि खडकाळ रस्त्यावर तडकतो. एखादा जार पिण्यासाठी पुढच्या सीटच्या मागे दाबून बसवला तर ठीक, सगळं पाणी जारमध्ये नेऊ नका. गोडेतेलाचे पंधरा लिटरचे रिकामे कॅन लोक वापरतात, ते फक्त हातपाय धुवायला, उन्हात त्याला खवट वास सुटतो. आणि फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही, झाडांना घालायच्या पाण्यालासुद्धा नाही.

ब्लॅडरबद्दल खूप विचारणा असते कारण व्हिडिओत छान दिसतो. रिकामा असताना चादरीसारखी घडी होते, शंभर लिटरचा असला तरी सीटखाली मावतो, आणि पाणी कमी होईल तशी पिशवी आक्रसते त्यामुळे हवा काढून टाकली असेल तर पाणी आत फारसं हिंदकळत नाही. घाटात हा खरा फायदा आहे. शहाद्याकडून तोरणमाळला चढताना सातपायरी घाटात जी वळणं लागतात तिथे अर्धी भरलेली टाकी गाडीला ओढते, ते ड्रायव्हरला स्टिअरिंगवर जाणवतं, ब्लॅडरमध्ये ते कमी होतं. पण भरलेला ब्लॅडर जागेवरून हलवता येत नाही, तो गाडीतच भरावा लागतो, म्हणजे परत कॅन आणून त्यात ओतणं आलंच, मग कॅन नेलेच आहेत तर कॅनमध्येच का नाही ठेवायचं? दुसरं, काटे. आपल्याकडे बाभूळ सगळीकडे, चपलेत रुतलेला काटा गाडीत येतो आणि पिशवीला लागला की संपलं, खाली जाड सतरंजी किंवा रबरी मॅट घालणं कंपलसरी. तिसरं, आतून धुता येत नाही. हात जात नाही, पूर्ण वाळत नाही, दोन महिने घडी करून ठेवला की प्लास्टिकचा वास येतोच. पिण्याचं पाणी मी तरी त्यात ठेवणार नाही.

फिक्स टाकी सोयीची, हे मान्य. नळ उघडला की पाणी, लहान मुलं पण वापरू शकतात. १२ व्होल्टचा डायफ्राम म्हणजे पडद्याचा पंप बॅटरीवर आरामात चालतो, आणि तो मिळायला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही, बॅटरीवरच्या फवारणी पंपात जी १२ व्होल्टची मोटर असते ती कृषी सेवा केंद्रात नवी सुटी मिळते. नवीच घ्यायची, वापरलेल्या पंपातली काढून अजिबात नाही, औषधाचा अंश त्याच्या पडद्यात राहतो. आणि नवी असली तरी ती वापरायच्या पाण्यासाठी, प्यायचं पाणी जारमधूनच काढा. जोडायचं सामान तर जळगावात ठिबक सिंचनाच्या दुकानात मिळतं, बॉल व्हॉल्व्ह, ग्रोमेट म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, सोळा एमएमची लॅटरल म्हणजे ठिबकची काळी नळी, सगळं स्वस्तात. टाकीच्या भिंतीला भोक पाडून ग्रोमेट दाबून बसवायचा, त्यात टेकऑफ म्हणजे नळी जोडायचा तुकडा घालायचा, पुढे व्हॉल्व्ह, पंधरा मिनिटांचं काम आहे, भोक मात्र ग्रोमेटच्याच मापाच्या ड्रिलने पाडायचं, अर्धा एमएम मोठं झालं की थेंब थेंब गळत राहतं. ही काळी लॅटरल हात धुण्याच्या, भांड्यांच्या पाण्याला ठीक, पिण्याच्या लाईनला फूड ग्रेड नळीच लावा.

टाकी घ्यायचीच तर ५०-६० लिटरच्या वर जाऊ नका, आत आडवे पडदे असलेली घ्या म्हणजे पाणी एकदम एका बाजूला जात नाही, आणि झाकणाचं तोंड एवढं मोठं पाहिजे की पूर्ण हात आत घालून घासता येईल. तोंड लहान असेल तर आत शेवाळ्याचा चिकट थर धरतो आणि वर्षभरात टाकी बदलावी लागते. जागा मागच्या एक्सलच्या पुढे, दोन चाकांच्या मधे, जितकी खाली जमेल तितकी. गाडीखाली लटकवणार असाल तर दगडांपासून जाळी हवी, आणि चॅसीला वेल्डिंग करण्याआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल परस्पर करता येत नाहीत.

वजनाचा हिशोब कुणी करत नाही म्हणून थोडं सविस्तर. चार मोठी माणसं ६५ किलोची धरली तर २६० किलो. त्यात १६० लिटर पाणी, म्हणजे १६० किलो. गादी, गॅस, बॅटरी, किराणा धरून शंभरच्या वर. आरसी बुकावर रिकाम्या गाडीचं वजन असतं, मॅन्युअलमध्ये भरलेल्या गाडीची मर्यादा असते, वजाबाकी करून बघा, लहान गाडीत ती मर्यादा ओलांडलेली निघू शकते. मग उपाय हाच, घरून अर्धं पाणी न्यायचं आणि उरलेलं घाट चढून गेल्यावर वरच्या गावात भरायचं. रिकामे कॅन नेले तर हे जमतं, ब्लॅडर-टाकीवाल्याला वर जाऊन भरायलाही कॅनच लागतो.

टपावरचा पाईप दिसायला भारी. १६० एमएमचा सहा फुटी पाईप घेतला तर जेमतेम ३० लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि पाईपसकट ३५-४० किलो वजन टपावर जातं, बऱ्याच गाड्यांच्या कॅरिअरची मर्यादाच ५० ते ७५ किलोच्या घरात असते. काळा रंग दिला तर थंडीत आंघोळीला कोमट पाणी फुकटात, ही एक चांगली गोष्ट. मे मध्ये त्याच पाण्याने हात भाजतो. त्यासाठी ड्रेनेजचा पाईप वापरतात म्हणून पिण्याला नाही. त्यात हवा भरून प्रेशर करायच्या फंदात पडू नका, झाकण उडतं.

दोनशे लिटरचा निळा ड्रम नको. सेकंडहँड ड्रममध्ये आधी कोणतं केमिकल होतं ते विकणाराही सांगू शकत नाही, आणि भरला की हलत नाही. दहा-पंधरा गाड्यांचा ग्रुप एकाच मळ्यात जमणार असेल तर मात्र या सगळ्यापेक्षा ट्रॅक्टरचा टँकर सांगून टाकणं स्वस्त पडतं, तोही वापरायच्या पाण्यापुरता.

कशातही न्या, पाणी कसलं भरताय ते महत्त्वाचं. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो म्हणून ते उन्हात जास्त दिवस टिकत नाही, क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. विहिरीचं पाणी आधी चौपदरी सुती कापडातून गाळून मग गोळी, गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. क्षार मात्र गोळीने जात नाहीत, त्यासाठी खिशातलं टीडीएस मीटर ठेवा, भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालेल असं आहे, बोअरचं पाणी त्याच्याही वर सापडू शकतं. थंड पाण्यासाठी कॅनला ओलं गोणपाट गुंडाळा नाहीतर कॅनव्हासची जुनी छागल म्हणजे पाण्याची पिशवी बाहेरच्या आरशाला लटकवा, आपल्या कोरड्या उन्हात दोन्हीतलं पाणी छान गार होतं.

घरी परत आल्यावर त्याच दिवशी सगळं रिकामं करायचं, कॅन झाकण काढून सावलीत उपडे, टाकीचा खालचा कॉक उघडा, ब्लॅडर दोरीवर तोंड खाली. पंप अर्धा मिनिट कोरडा चालवून नळीतलं पाणी काढून टाका, वास बहुतेक तिथूनच येतो.