बैरूतची यादवी युद्धाची पायी सहल : गाइड फर्डा, पण सीरिया उरकला

पाचपैकी साडेतीन तारे. गाइडच्या बोलण्याला खरं तर पाच द्यायला हवेत. पण लेबनॉनच्या 1975-90 च्या यादवीतला सीरियाचा हात, ज्या विषयासाठी मी डॉलर मोजले, तो त्यानं शेवटी चालता चालता गुंडाळला.

सुरुवात मात्र झकास. सोडेकोच्या चौकातली बरकत बिल्डिंग, 1924 ची, पिवळ्या दगडाची, नेमकी ग्रीन लाइनवर, म्हणजे शहर दुभंगणाऱ्या युद्धरेषेवर. इकडे ख्रिस्ती पूर्व बैरूत, तिकडे मुस्लिमबहुल पश्चिम बैरूत. घरात उजेड-वारा खेळावा म्हणून आर्किटेक्टनं कोपरा मोकळा ठेवला होता, आतल्या खोल्यांतूनही चौक दिसावा असा. युद्धात नेमबाजांना तेच फावलं. पार आतल्या खोलीत वाळूच्या पोत्यांमागे बसायचं आणि चौक ओलांडणारा टिपायचा. गाइडनं आम्हाला समोरच्या फुटपाथवर उभं केलं आणि कुठल्या भोकातून कुठला रस्ता दिसायचा ते बोटानं दाखवलं. त्या काळी ओळखपत्रावर पंथ लिहिलेला असे; नाक्यावर चुकीच्या पंथाचं कार्ड निघालं की खेळ खलास, हेही इथेच ऐकलं.

पुढे हुतात्मा चौकातला गोळ्यांनी चाळण झालेला पुतळा. मग सोलिदेर कंपनीनं नव्यानं उभारलेला चकचकीत मध्यभाग, तिथे निम्मा वेळ पुरला असता. शेवटी हॉलिडे इन. हॉटेल उघडून जेमतेम वर्ष होतंय तोवर, 1975 च्या अखेरीस, त्याच्या मजल्यांसाठी लढाई जुंपली. उंच इमारत ज्याच्या हातात, त्याच्या माऱ्यात सगळा परिसर. गाइड इथे इतका रमला की घड्याळच विसरला.

आणि मग सीरिया! 29 वर्षांचा मुक्काम दोन सिग्नलांच्या मधे आटोपला. म्हणे, सैन्य 1976 ला आलं, 2005 ला गेलं. अहो, पण आलं कुणाच्या बोलावण्यावरून? मी मधेच विचारलं तेव्हा गडी खुलला. लेबनॉनचे राष्ट्राध्यक्ष सुलेमान फ्रांजिये मॅरोनाइट पंथाचे ख्रिस्ती. त्यांची बाजू हरायला आली होती, म्हणून जून 1976 मध्ये सीरियाचा राष्ट्राध्यक्ष हाफिज असदचे रणगाडे आत आले ते त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या पॅलेस्टिनी आणि डाव्यांना रोखायला. ऑक्टोबरात अरब लीगनं त्यावर शांतिसेनेचा शिक्का मारला. तीसेक हजारांच्या त्या फौजेत बहुतेक सीरियनच. दोनच वर्षांत, 1978 च्या उन्हाळ्यात, त्याच सैन्यानं पूर्व बैरूतमधल्या ख्रिस्ती अश्रफियेवर तोफा डागल्या. गाइड तिथलाच. तळघरात शेजाऱ्यांची ट्रान्झिस्टरच्या बॅटरीवरून भांडणं व्हायची, हे त्यानं हसत सांगितलं. अख्ख्या सहलीतली ही सगळ्यात मोलाची पाच मिनिटं, आणि ती मागून घ्यावी लागली.

माझ्या मते सहलीचा कणा हाच हवा. दमास्कसला, म्हणजे सीरियाच्या राजवटीला, कुठलाच पंथ प्यारा नव्हता. लेबनॉनमध्ये कुणी एक जण पुरता जिंकू नये, एवढंच बघायचं होतं. ऑक्टोबर 1990 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या बाबदा राजवाड्यातून ख्रिस्ती सेनापती मिशेल औनना ज्या सीरियाच्या सैन्यानं हुसकावलं, त्याच सीरियाच्या दोस्तांशी, लेबनॉनमधल्या शिया हिजबुल्लाशी, औननी 2006 मध्ये हातमिळवणी केली आणि 2016 मध्ये त्याच राजवाड्यात राष्ट्राध्यक्ष म्हणून गेले. 2013 पासून तर गंगा उलटी वाहिली: हिजबुल्लाचे लढवय्ये हाफिजचा मुलगा बशर असदची गादी वाचवायला उघडपणे सीरियात. यातलं औनचं प्रकरण तर निघालंच नाही. शाळांमधला इतिहास 1946 ला फ्रेंच सैन्य गेलं त्या सुमाराला थांबतो, सगळ्या पंथांना चालेल असं पुस्तक अजून झालेलं नाही; अशा गावात गाइडनंच हात आखडता घेतला तर सांगायचं कुणी? गटात कोण कुठल्या पंथाचा, याचा तो अंदाज घेत असावा. समजू शकते, पण मग जाहिरातीत ‘संपूर्ण युद्ध’ लिहू नये.

राष्ट्रीय संग्रहालय सहलीत नाही. सोडेकोहून दमास्कस रोडनं दक्षिणेला चालत स्वतः जा. युद्धात जड शवपेट्यांभोवती काँक्रीट ओतून त्या वाचवल्या होत्या; ते फोडतानाची फिल्म तिथे दाखवतात. एका मोझेकमध्ये नेमबाजानं पाडलेलं भोक मुद्दाम तसंच ठेवलंय.

डॉलर रोख न्या, सुटे न्या. सीरियाबद्दलचे प्रश्न पहिल्याच थांब्यावर विचारून ठेवा. आणि हॉलिडे इनपाशी फोटोसाठी फोन काढण्याआधी गाइडला विचारा, खाली लष्कराचा पहारा असतो.