एका कागदावर चार पानं: सात महिने वापरून झाल्यावर

लातूरला क्लासच्या गल्लीत आमचं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे नीटवाली, एमपीएससीवाली आणि पॉलिटेक्निकची पोरं, मोबाईलवर पीडीएफ घेऊन येतात आणि एकच मागणी, "काका, एका पानावर चार बसवा की." त्यांचे पैसे वाचतात, माझा टोनर वाचतो, वाईट काहीच नाही. पण चार बसवणं वेगळं आणि चार वाचता येणं वेगळं, हे कळायला मला सात महिने लागले म्हणून लिहायलोय.

मशीन म्हणजे बारा-ए कार्ट्रिजवाला जुना लेझर प्रिंटर, आणि भाच्यानं उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून दिलेला कॉम्प्युटर. त्यानंच पहिल्यांदा एटूपीएस दाखवलं, टेक्स्ट फाईल छापायचा प्रोग्राम. हे लई जुनं पण कामाचं. काही न सांगता ए४ आडवा करून शेजारी शेजारी दोन पानं, भोवती चौकट, वर फाईलचं नाव. सी चे प्रोग्राम छापायला याच्यासारखं दुसरं नाही. मग एक लेकरू मराठी नोट्सची टेक्स्ट फाईल घेऊन आलं आणि कागदावर सगळा चिखल. कारण असं की हे एका बाइटला एक अक्षर धरतं आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये 'क' सुद्धा ३ बाइटचा, म्हणजे एका अक्षराची तीन भुतं. एन्स्क्रिप्ट म्हणून तसलाच दुसरा प्रोग्राम, त्याचंही तेच. शेवटी पॅप्स सापडलं, ते पँगो, म्हणजे अक्षरं जुळवून मांडणारी लायब्ररी, वापरतं त्यामुळं जोडाक्षरं नीट येतात, दोन कॉलमही पडतात. दिसायला साधं, पण मराठी टेक्स्टला तेच.

खरा धंदा मात्र पीडीएफचा. प्रिंट करतानाच 'एका कागदावर किती पानं' तिथं ४ केलं की झालं असं मीही समजायचो. हिशोब बघा, २ पानं बसवली की अक्षर ७१ टक्के होतं, ४ बसवली की ५०. म्हणजे १२ पॉइंटचं आधी साडेआठ आणि मग ६. इंग्रजी ६ ला डोळे बारीक करून वाचता येतं. मराठी नाही येत, कारण आपल्याकडं शिरोरेषेच्या वरही एक मजला असतो. एका पोरानं परत आणून दाखवलं, 'सर्वांना' मधला रफार आणि अनुस्वार मिळून एक काळा ठिपका झालेला, आणि रिफिल टोनर असला तर विचारूच नका.

मग डोक्यात आलं की अक्षर कशाला बारीक करायचं, समास कापू. पीडीएफक्रॉप नावाच्या प्रोग्रामनं चारी बाजूची पांढरी जागा काढली आणि पीडीएफजॅमनं दोन-दोन जोडली. एक इंच समासाच्या फाईलला १२ चं दहाच्या आसपास राहिलं, साडेआठ नाही! पण हे प्रत्येक पान ज्याच्या-त्याच्या मजकुरापुरतं कापतं, त्यामुळं धड्याचं शेवटचं पान, ज्यावर चारच आखूड ओळी होत्या, ते फुगून लग्नाच्या बॅनरसारखं आलं. खाली पान नंबर असला तर उलटं, खालची जागा कापलीच जात नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकाला तर काहीच होत नाही, पूर्ण पानच चित्र असतं ना. आता ब्रिस नावाचा प्रोग्राम वापरतो, त्यात सम पानं एका ढिगात आणि विषम दुसऱ्या ढिगात एकावर एक ठेवल्यासारखी दिसतात आणि माऊसनं प्रत्येक ढिगावर एकदाच चौकोन ओढायचा. नंबर बाहेर, मजकूर आत. दोन मिनिटं जातात पण गिऱ्हाईक परत येत नाही, म्हणजे तक्रार घेऊन येत नाही.

पाठपोट छापायचं तर आमच्या प्रिंटरला हातानंच उलटावं लागतं. आधी विषम पानं, मग सम. एकदा पावसाळ्यात कागद ओलसर, प्रिंटरनं दोन एकदम ओढले आणि तिथून पुढं सगळी पानं एकानं चुकली, मला कळलं तेव्हा गठ्ठा संपत आलेला. तेव्हापासून वीस-वीस कागदच घालतो, आणि पहिली बाजू निघाली की चहा होईपर्यंत गार होऊ देतो, गरम कागद वाकलेला असतो. पुस्तिकेचं फारसं कुणी मागत नाही, मागितलं तर पानं ४ च्या पटीत करून घ्या, नाहीतर शेवटी कोरी येतात.

माझं ठरलंय, इंग्रजीला चार, मराठीला दोन. काउंटरवर एकच मराठी उतारा एक, दोन आणि चारच्या मापात छापून चिकटवलाय, बघा आणि सांगा म्हणून. पोरं बघतात, चारच्या खाली बोट ठेवतात, एक ओळ वाचायला जातात, अडखळतात, आणि म्हणतात, "चालतंय काका, चारच काढा."